आईच्या रविवारआधीचा शुक्रवार

“गेला! हाही मोजा गेला!”

मिसेस ट्रँटर माझ्या दांड्यापाशी वाकून करवादल्या. काखेत हेझलच्या काठ्यांचा भारा, हातात सुतळीचा गुंडा, आणि मोज्याचा धागा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सरसरत गेलेला. “लेंटचे उपास लागल्यापासून हा तिसरा. ही मशीन चर्चच्या आत ठेवायचीच कशाला, म्हणते मी! दहा वेळा दोरी ओढावी तेव्हा एकदा ढेकर देते. खुराड्याला आडोसा म्हणूनसुद्धा कुणी घेणार नाही हिला.”

“हळू. ऐकेल ती,” ग्वेन प्रोबर्ट हसत म्हणाली. तिच्या खांद्यावरही काठ्या होत्या.

“ऐकू दे. लाज वाटून तरी सुरू होईल.”

मित्रांनो, ऐकलं मी. आणि सुरूही झाले. दुसऱ्याच दिवशी, पहिल्याच ओढीला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शरम तीच. ती सांगायची आहे म्हणून तोंड उघडते आहे, नाहीतर लोखंडाला कसली आली आहे कहाणी?

मार्ल्स्टो गावच्या चर्चच्या आवारातलं गवत कापणारी मी एक जुनी मशीन आहे. घंटांचे दोर जिथे लोंबतात त्या मनोऱ्याखालच्या खोलीत, पडद्याआड, माझी जागा. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. वळणदार सहा पाती एका रुळावर बसवली, मागे दुसरा जाड लोखंडी रूळ, पुढे गवत झेलायची पेटी, अंगावर हिरवा रंग आणि कडेने बारीक सोनेरी रेघ. गावाने हिवाळाभर मुरंबे आणि जुने कपडे विकून मला आणलं. आले त्या दिवशी सगळं गाव भिंतीवर बसलं होतं. मिसेस ट्रँटर तेव्हा नवी नवरी होत्या आणि मोजे मात्र तेव्हाही जपत होत्या.

मला हाती घेतलं सिरिल बेलिसने. कबरी खणणं, मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी देणं आणि आवार राखणं ही त्याची कामं. मी त्याला अरेतुरे करते. सत्तावीस वर्षं ज्याने हात धरला त्याला अहोजाहो करणं जमत नाही. गवत कापण्याची त्याची रीत अशी होती, की एक पट्टा जाताना, एक येताना. त्यामुळे माझ्या रुळाखाली गवत एकदा इकडे झुकायचं, एकदा तिकडे, आणि सगळ्या आवारावर फिके-गडद पट्टे उमटायचे, जणू इस्त्री केलेली चादर. एकदा खुद्द बिशप आले होते. थडग्यांमधले ते पट्टे बघून म्हणाले, “इथे पुरून घ्यायला हरकत नाही.” सिरिलने टोपी काढली. पण स्तुती माझी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा शिरली ती शिरलीच. परक्या हाताला मी दाद देईना. सिरिललाही पाच-सहा वेळा दोरी ओढायला लावायचे. तो वैतागायचा नाही. “डचेसबाई, आज मर्जी नाही का?” एवढंच म्हणायचा.

आवारात एकच जागा अशी होती जिथे मला मज्जाव होता: उत्तरेकडचा उतार, दोन खोल्या मावतील एवढा. तिथे रानडॅफोडिल उगवतात. बागेतल्यांसारखी दांडगी नव्हेत; वीतभर उंचीची, फिक्या पिवळ्या पाकळ्यांची, मान खाली घातलेली. मार्च निम्मा सरला, चुनखडीच्या भिंतीवर ऊन टिकू लागलं, रूक कावळे एकमेकांच्या घरट्यातल्या काड्या चोरू लागले, की एका आठवड्यात सगळा उतार पिवळा होतो. सिरिलचा नियम होता की फुलं गळली तरी पानं वाळेपर्यंत तिथे पातं लावायचं नाही. पानं अन्न साठवतात तेव्हा कुठे त्यांचा जमिनीतला कांदा पुढच्या वर्षी फुलतो. म्हणून दर वर्षी तिथे काठ्या रोवून सुतळी बांधलेली असायची.

ती फुलं आईच्या रविवारची. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासांच्या, मधोमध तो रविवार येतो. आदल्या दिवशी गावची पोरं लोकरीचे तुकडे घेऊन उतारावर जमतात, पाच-पाच फुलांच्या जुड्या बांधतात, आणि रविवारी प्रार्थना संपली की चर्चमधल्या प्रत्येक बाईच्या हातात एकेक जुडी देतात. मार्ल्स्टोत तिला मूल आहे की नाही हे विचारत नाहीत. म्हणून ग्वेनलाही मिळायची. ग्वेनने लग्न केलेलं नाही. तिच्या मेंढ्या आहेत, आणि बापाच्या वेळेपासून भिंतीपलीकडचं चर्चचं शेत तिच्याकडे आहे. वाऱ्याला आडोसा असलेलं तिचं ते एकच शेत. मेंढ्या तिथेच वितात.

आता मूळ गोष्टीकडे येते. सिरिलचे डोळे गेले.

एका दिवसात नाही गेले. आधी त्याने पत्ते खेळायला जाणं सोडलं, कारण गुडघा दुखतो म्हणे. गुडघा दुखणारा माणूस मनोऱ्याच्या छप्पन्न पायऱ्या चढून घड्याळाला चावी देतो, हे कुणी बोललं नाही. मग माझ्या टाकीत पेट्रोल ओतताना तो बोट आत घालून बघू लागला, कुठवर भरलंय ते. माझा प्रत्येक नट त्याला हातानेच सापडायचा. समोर बघितलं की मधलं काही दिसायचं नाही, कडेकडेचं थोडं दिसायचं. म्हणून तो बोलणाऱ्या माणसाच्या खांद्यापलीकडे बघून बोलायचा.

गावाला हे कळलं नाही असं समजू नका. गावाला सगळं कळतं. मिसेस ट्रँटरनी चर्चच्या दाराच्या पायरीला पांढरा रंग दिला आणि “पाहुणे अडखळतात हो,” असं म्हणाल्या. मार्ल्स्टोत पाहुणे येतात वर्षातून दोनदा. आणि रस्त्यात सिरिल भेटला की सगळे आपापलं नाव सांगायला लागले. “सिरिल, एनिड ट्रँटर बरं का, काय गारठा आहे!” “मिस्टर बेलिस, ग्वेन मी, प्रोबर्टांची!” जन्मापासून ओळखणारी माणसं रेडिओवरच्या निवेदकासारखी नाव सांगून बोलायची, आणि तोही मान डोलावून म्हणायचा, “दिसतेस ना मला, नाव कशाला सांगतेस!” मग दोघंही हसायची. कुणी कुणाला उघडं पाडायचं नाही, असा अलिखित करार होता. मी त्याला माया समजत होते. मायाच होती. पण त्या मायेला तोंड नव्हतं.

त्या उतारापाशी सिरिल थांबायचा तो सुतळीमुळे. सुतळी गुडघ्याला लागली की तो मला वळवायचा.

गेल्या शरद ऋतूत नवे पाद्री आले, मिस्टर ओकडेन. शहरातले, तरुण, मनाने चांगले. यंदा आईच्या रविवारची तयारी बघायला ते आवारात फिरले आणि म्हणाले, “या काठ्या नि सुतळी कशाला? रस्ता खणून ठेवल्यासारखं दिसतंय. मुलं अडखळतील. काढून टाकू या ना!”

तिथे सहा माणसं उभी होती. काठ्या का ठेवायच्या हे सहाही जणांना माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे सिरिलचं नाव घ्यायचं, आणि नाव घ्यायचं म्हणजे ते बोलायचं. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. मिसेस ट्रँटर म्हणाल्या, “हो, बरोबर आहे, पाद्रीसाहेब. छानच दिसेल.”

तर त्या गुरुवारी त्या दोघी त्याच काठ्या घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मोज्याचं रडगाणं संपल्यावर काठ्या माझ्यामागे कोपऱ्यात उभ्या केल्या. मग दोघी तिथेच घुटमळल्या.

“त्यांना सांगायला हवं,” ग्वेन म्हणाली. “सुतळी काढली म्हणून.”

“सांग की मग.”

“मी? तुम्ही सांगा. तुम्ही एका वर्गात होतात.”

“आणि काय सांगू? का सांगतेय म्हणून विचारलं तर?”

 ग्वेनच्या कोटात एक अशक्त कोकरू होतं, त्याने बारीक आवाज काढला.

“त्याला दूध पाजायचंय,” ती म्हणाली.

“मलाही केक बघायचाय. उद्या बघू. सिरिल शनिवारशिवाय काही कापत नाही,” असं म्हणून मिसेस ट्रँटर गेल्या.

पण शनिवारी पाऊस येणार होता. वेल्सचे डोंगर हातभर जवळ दिसायला लागले की आमच्याकडे चोवीस तासांत पाऊस येतो. डोंगर आता सिरिलला दिसत नव्हते, पण दुखऱ्या बोटांनी त्याला तेच सांगितलं. शुक्रवारी सकाळीच तो आला.

मित्रांनो, सुतळी माझ्या पाठीशी पडलेली होती. सबंध गावात त्या घडीला सगळं माहीत असलेली आणि ते थांबवू शकणारी एकटी मी होते. एरवी मी सहा वेळा दोरी ओढायला लावायचे. त्या दिवशी बारा वेळा लावली असती, तर दमून घरी गेला असता. पण माझ्या कानांत ढेकर आणि खुराडं घुमत होतं. दाखवतेच, असं म्हटलं मी. त्याने दोरी धरली आणि मी पहिल्या ओढीला गरजले.

“वा, डचेसबाई!” तो हसला. इतका खूश झाला की त्याने माझ्या पेटीवर थाप मारली.

वाट झाली, युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाभोवतालचं झालं. मग आम्ही उत्तरेला वळलो. कोवळं ऊन उजव्या अंगाने येत होतं. तो गुडघ्याला सुतळी लागायची वाट बघत चालत राहिला. सुतळी लागली नाही. एक पट्टा जाताना, एक येताना. माझ्या पात्यांना गवताऐवजी काही पोकळ, रसाळ लागलं. कापताना त्याचा आवाजसुद्धा वेगळा येतो. मला कळलं. थांबता मात्र आलं नाही. आम्हा यंत्रांना सुरू व्हायला नखरे येतात, थांबायला येत नाहीत. सहा पट्टे. सगळा उतार.

पेटी भरली म्हणून त्याने मला बंद केलं. यू वृक्षामागच्या खताच्या ढिगावर ओतायला पेटी उचलली आणि त्याचा हात आत गेला. तो चिकट रस. तो वास. मूठ बाहेर काढून त्याने तोंडापाशी आणली, डोळ्यांच्या कडेशी धरली, पुन्हा पुन्हा फिरवली. मी मूठभर पिवळं बघत होते, तो बघू शकत नव्हता, पण कळलं त्याला.

मग जे झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने पेटी ओतली, वर दाताळ्याने गेल्या वर्षीचा पालापाचोळा ओढला, पायाने दाबला. मला खोलीत आणून माझी पाती एकेक करून फडक्याने पुसली. चिकटलेली पाकळी राहू नये म्हणून बोटांनी चाचपली. दोन बोटं कापली. सत्तावीस वर्षांत त्याने मला असं पुसलं नव्हतं, चोराने सुरी पुसावी तसं. मला तेलाची, कौतुकाची, पॉलिशची सगळी आठवण आहे, पण तो स्पर्श आठवला की गंजून जावंसं वाटतं.

शनिवारी पावसाआधी पोरं लोकर घेऊन आली. उतारावर एकही फूल नव्हतं. फिकट, गडद, फिकट, गडद, सरळ रेघेत सहा पट्टे. मनोऱ्याच्या दारातून मला सगळं दिसत होतं.

“कुणी कापली आमची फुलं?” एका मुलीने विचारलं.

मिसेस ट्रँटरनी पट्ट्यांकडे बघितलं. मग यू वृक्षाखाली टोपी घालून उभ्या असलेल्या सिरिलकडे. मग रुमालाने डोळे टिपत आकाशाकडे. “मेंढ्या,” त्या म्हणाल्या. “मेंढ्या शिरल्या असतील.”

“ग्वेनच्या?” पाद्रीसाहेबांनी विचारलं. ते धावत आले होते.

नेमकी तेव्हाच ग्वेन फाटकातून आत आली. बाह्या वर केलेल्या, हात कोकरांच्या नाळेला लावायच्या आयोडीनने पिवळे. भिंत संपते तिथल्या कुंपणात रात्रीच्या वाऱ्याने एक भगदाड पडलंही होतं. तिने उताराकडे बघितलं. रानडॅफोडिलला मेंढी तोंड लावत नाही, विषारी असतं ते. हे मेंढपाळाला सांगावं लागत नाही. आणि कुठली मेंढी पट्टे काढत चरते?

“ग्वेन,” मिसेस ट्रँटर घाईने म्हणाल्या, “तुझ्या मेंढ्या आल्या वाटतं गं.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या बघण्यात गुरुवार होता. ग्वेनने सिरिलकडे बघितलं. तो तिच्या डावीकडे हातभर बाजूला बघत होता, ओठ घट्ट मिटून.

“आल्या असतील,” ती म्हणाली. “फार शिस्तीच्या आहेत माझ्या. रांगेत जेवतात.”

कुणी हसलं नाही.  सिरिल तिथून चालत गेला आणि पांढऱ्या पायरीवर अडखळला.

रविवारी पोरांनी ओढ्याकाठच्या प्रिमरोझ फुलांच्या जुड्या बांधल्या. मी पडद्याआडून सगळं ऐकत होते. शेवटच्या बाकावर, पडद्याला लागूनच, सिरिल बसला होता. त्याच्या पुढे ग्वेन. छोटे बूट बाकांमधून टपटपत येत होते, थांबत होते, पुढे जात होते. ग्वेनपाशी थांबले.

“हिला नको,” तीच मुलगी म्हणाली. “हिच्या मेंढ्यांनी खाल्ली.”

बूट पुढे गेले. सबंध चर्चमध्ये एकाने तोंडातून ब्र काढला नाही, की बाळ, असं नसतं. वाद्य वाजायला लागलं. ग्वेन सगळ्यांबरोबर गायली, जरा जास्तच मोठ्याने. आणि मला बाकावर सिरिलची नखं ऐकू येत होती, लाकूड खरवडणारी.

आमच्यासारख्यांच्या कहाण्या शेवटी काहीतरी मागतात: गंज चढू देऊ नका, तेल घाला, उन्हापावसात टाकू नका. मित्रांनो, तेल घालाच. पण मला मागायचंय ते निराळं आहे. तुमच्या शेजारच्या माणसाचं काही हरवत चाललं असेल, डोळे असोत, कान असोत, आठवण असो, तर पायऱ्या रंगवा, सुतळ्या बांधा, पण एकदा त्याच्याजवळ बसून बोलाही. न बोलता सांभाळलेलं माणूस एकटंच पडतं. आणि त्याची किंमत भलताच कुणीतरी मोजतो. ती कोण आणि कशी मोजत होती ते मी पुढच्या गुरुवारी बघितलं.

गावच्या सभा माझ्या खोलीत भरतात, कारण रॉकेलची शेगडी तिथेच आहे. नऊ माणसं होती. चहा झाला, छपराच्या गळतीचं झालं. मग पाद्रीसाहेबांनी चष्मा पुसला.

“भिंतीपलीकडच्या शेताबद्दल. माझा कुणावर राग नाही. पण कुंपण पडतंय, मेंढ्या आवारात येतात, आणि फुलांचं जे झालं ते मुलं विसरणार नाहीत. या उन्हाळ्यापासून ते शेत मेंढ्यांना देऊ नये, असं मला वाटतं. सफरचंदांची बाग लावायला एकजण मागतोच आहे.”

ग्वेनचा कप बशीवर वाजला. ते शेत गेलं तर पुढच्या वर्षी विण्याच्या वेळी मेंढ्या ठेवायला तिला जागा नव्हती. विकायलाच लागल्या असत्या. हे पाद्रीसाहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मिसेस ट्रँटर हातमोजे पिळत म्हणाल्या, “इतकं… इतकं काही लागणार नाही, पाद्रीसाहेब. दोन-चार फुलंच तर होती.”

“दोन-चार? तुम्हीच रडत होतात त्या दिवशी!”

“तेव्हा सर्दी होती मला.”

“ग्वेन, तुला काही म्हणायचंय?”

ग्वेन खाली बघत होती. “नाही,” ती म्हणाली. “आल्या होत्या ना मेंढ्या. मग झालं.”

शेगडी फुरफुरत होती. मी सगळ्यांचे बूट बघत होते. लहान मुलांसारखे सगळ्यांचे पाय बाकांखाली ओढून घेतलेले. कुणी तरी बोला, मी मनात म्हणत होते. मला तोंड असतं तर मी माझी सहाही पाती काढून त्या टेबलावर मांडली असती.

“बरं, रीतसर विचारतो,” पाद्रीसाहेब म्हणाले आणि कोपऱ्याकडे वळले. “मिस्टर बेलिस, त्या दिवसांत आवारात तुम्हीच होतात. मेंढ्या तुम्ही स्वतः पाहिल्यात ना?”

मिसेस ट्रँटरनी श्वास आत ओढला. डोळे जाऊ लागल्यापासूनच्या दीड वर्षात सिरिलला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. ग्वेन उठलीच, “जाऊ द्या ना, त्यांना कशाला—”

“बस, ग्वेन,” सिरिल म्हणाला.

तो उभा राहिला. माझ्या दांड्याचा आधार घेऊन, टोपी काढून. त्याच्या हाताची कापलेली बोटं माझ्या लोखंडाला घट्ट धरून होती. आवाज जिकडून आला होता तिकडे त्याने तोंड केलं, आणि तरीही तो पाद्रीसाहेबांच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडेच बघत होता.

“मेंढ्या कुठल्या बघतोय मी, पाद्रीसाहेब. तुम्हाला इथे येऊन सहा महिने झाले, आणि तुमचं तोंड कसं आहे ते मला ठाऊक नाही. मी आंधळा झालोय. फुलं मी कापली.”